कूर्मवनातली कचराखोली

१

कूर्मवनातली फाइल बुधवारी दुपारी चोरीला गेली, आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता कमलाक्षी गावस तिथे पोचली तेव्हा चोर ठरवूनही झाला होता. चोर, पुरावा, शिक्षा, सगळं तयार. फाइल तेवढी नव्हती.

कूर्मवन म्हणजे मोरजीच्या वरच्या अंगाला काजूचा डोंगर कापून उभी केलेली साठ फ्लॅटांची इमारत. खाली किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, म्हणून वर फाटकावर बिल्डरने सिमेंटचं कासव बसवलं होतं आणि त्याच्या डोळ्यांत दिवे घातले होते. कमलाक्षीने त्या कासवाकडे एकदाच पाहिलं, रिक्षावाल्याला दुपारी परत यायला सांगितलं आणि ती आत शिरली.

चौतीस वर्षं कचेरीत नकाशे काढून ती निवृत्त झाली होती. लाटंबार्श्याच्या घरात बसून काजू वाळवायचा तिला कंटाळा, म्हणून हरित इमारतींना प्रमाणपत्र देणाऱ्या एका संस्थेसाठी ती तपासणीला फिरायची. हरित इमारत म्हणजे काय, हे तिला दोन वर्षांत पुरतं कळलं होतं. जिन्यात चार कुंड्या, गच्चीवर सूर्याचे पत्रे आणि माहितीपत्रकावर एक पान छापायचं. कचऱ्याचा विषय निघाला की हीच मंडळी नाकाला रुमाल लावायची. म्हणून ती कुठेही गेली तरी आधी कचऱ्याची खोली बघायची. माणसाचं घर ओळखायचं तर मोरी बघावी, असं तिची आई म्हणायची.

आजचं काम तेवढंच होतं. प्रमाणपत्राचं नूतनीकरण. सुका कचरा वेगळा करायला आणि साठवायला जागा आहे का, पुरेशी आहे का, तिथवर गाडी पोचते का, एवढं बघायचं.

फाटकाला लागूनच विक्री-कार्यालय होतं. चकचकीत लाद्या, बाहेरचा उजेड आत घेणारी दोन मोठी काचेची जनेलं आणि अंगावर काटा येईल इतका गार एसी. आत तिघं बसली होती. बिल्डरचा मॅनेजर रुद्रेश, फ्लॅटवाल्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी गौरेश, आणि आदल्या दिवशीच पणजीहून आलेली हरित सल्लागार हर्षा. दाराबाहेर एक ठेंगणी बाई चपला काढून उभी होती.

"मॅडम, फायल ना," रुद्रेश म्हणाला. "बांधकाम पुराय जालां त्या वेळची फायल. काल हांगाच मेजार आसली. ती शेवंता, कचरो काडटा ती, तीन वाजतां कागद व्हरूंक आयली आनी फायल गेली. आज सकाळीं भंगाराची गाडी कागदाचीं पोतीं घेवन गेली. तातूंत गेली ती!"

"पाहिलं कोणी?"

"पळोवंक कित्याक जाय? गौरेशबाबान साक्षीदार म्हणान सय केल्या. चार वाजतां पोलिसांत कागद दितां. तिची खोली दनपारा आदीं खाली जातली."

"फाइलीत काय होतं?"

"जुने नकाशे," हर्षा घाईने म्हणाली. "आता त्यांची गरजच नाही. नवा नकाशा मी आणलाय ना."

"स्कॅन?"

"माझा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा गेलं सगळं."

म्हणजे नको असलेली वस्तू चोरीला गेली आणि हवी ती घडी न मोडता हजर होती. कमलाक्षीने नवा नकाशा पर्समध्ये टाकला. इतक्या गारठ्यातही हर्षा सारखी कपाळाला रुमाल लावत होती. डाव्या भुवईवर तिने केसांची बट ओढून घेतली होती, आणि ती बट तिला मुळीच शोभत नव्हती.

कमलाक्षी बाहेर आली तशी ती ठेंगणी बाई पुढे झाली. पाठीमागे झाडाखाली पत्र्याची ट्रंक आणि दोरीने बांधलेली वळकटी होती. वळकटीवर तिचा नवरा धोंडिबा, इथला माळी, मान खाली घालून बसला होता.

"बाई, तुमी तपासायला आलाय न्हवं?" शेवंता म्हणाली. "मग आदी मला तपासा. गडहिंग्लजास्नं आलो त्याला आठ वर्सं झाली. गरीब हाय, पर चोर म्हनून गावाकडं जानार न्हाई मी."

२

कचराखोली पंपाच्या मागे, जिन्याखाली होती. शेवंता पुढे झाली. कमलाक्षी तिच्या मागून दारात शिरली आणि कपाळावर असा दणका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अगं बाई! वाका म्हनायच्या आत शिरलासा तुमी," शेवंताने फडकं ओलं करून दिलं. "तुळई खाली हाय. माझ्यावानी बुटक्याला काय न्हाई, पर उंच मानूस पैल्यांदा आला की आपटतोच. दुसऱ्यांदा मातूर आपसूक वाकतोय."

डाव्या भुवईवर टेंगूळ आलं. कमलाक्षीने ते फडक्याने दाबलं आणि खोली पाहिली. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. दिवा नाही, जनेल नाही, नळ नाही. गाडी इथवर यायची सोयच नव्हती. दर गुरुवारी शेवंता पोती ओढत फाटकापर्यंत न्यायची. साठ घरांचा सुका कचरा ठेवायला ही जागा, आणि फाटकाजवळ रुद्रेशला बसायला दोन जनेलं.

पण आत कचरा असा नव्हताच. भिंतीला खिळे होते आणि त्यांवर पेंडीची पांढरी पोती ओळीने टांगलेली. एकात कागद, एकात पुठ्ठे, एकात धुऊन सुकवलेल्या दुधाच्या पिशव्या. कोपऱ्यात एक मोठं निळं पिंप, त्यावर झाकण आणि झाकणाला हात जाईल एवढं भोक.

"यात काय?"

"बाटल्या. हितं सुट्टीला येनारे दुसरं करत्यात काय? सगळ्यात मोटं तेच पिंप हाय म्हनून बाटल्यास्नी दिलं. त्यांची गाडी शनवारी येते."

"आणि कागद गुरुवारी."

"व्हय. आज सकाळीच गेला."

कागद कसा बांधतेस, असं कमलाक्षीने विचारलं. शेवंताने पोत्यातून कोणाचं तरी जुनं बिलांचं बाड काढलं. अंगठ्याच्या नखाने पिन उपसली, प्लास्टिकचं कव्हर फाडून वेगळं केलं, क्लिप काढून डब्यात टाकली. डबा पिना-क्लिपांनी काठोकाठ भरला होता. हे सगळं करताना ती हातांकडे बघतसुद्धा नव्हती.

"एक जरी प्लास्टिक सापडलं तर भंगारवाला सगळं पोतं माघारी टाकतोय," ती म्हणाली. "फाइल मी चोरली आसती तर तिचं कव्हर तरी हितं घावलं आसतं, बाई. बगा की पोत्यात."

कमलाक्षीने प्लास्टिकचं पोतं उपसून पाहिलं. फाइलीचं कव्हर नव्हतं.

"काल तू कुठे होतीस?"

"तीनला हापिसातल्या टोपलीतला कागद आनला. मेजाला हात लावायची माझी टाप हाय व्हय? कागद हितं टाकला आनी वर मजल्यांवर गेले. पाचला खाली आले. दाराला कुलूप नसतंयच."

"इथे येतं कोण?"

"गौरेशसाहेब रविवारी येत्यात, बाटल्या पेपरात गुंडाळून. मी पेपर काडून घेते. रुद्रेशसाहेबांनी तर पिंप सोता आनलं. काल सांजच्याला त्यांचे पावने हुते, त्यांच्या बाटल्या त्यांनीच टाकल्या."

"आणि हर्षा मॅडम?"

"त्या? त्या हितं कदी आल्या न्हाईत."

दोन विटांवर एक फळी टाकलेली होती. त्यावर बसून शेवंता कागद निवडायची, दुपारची भाकरीही तिथेच खायची. कमलाक्षी त्या फळीवर टेकायला गेली आणि फळी कलली. खालची बाजू गुळगुळीत, रंगीत निघाली. तिने ती दाराच्या उजेडात धरली.

वर कासवाचं चित्र होतं, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'रंग ओळखा, पृथ्वी वाचवा. हिरवा: ओला कचरा. पिवळा: प्लास्टिक. लाल: काच. निळा: कागद.' कोपऱ्यात हर्षाचं नाव होतं.

"ही पाटी कधीपासून पालथी आहे?"

"पैल्या पावसात भिंतीवरनं पडली ती. दोन वर्सं झाली. कुनी इचारलं बी न्हाई."

कमलाक्षी निळ्या पिंपाकडे बघत राहिली. मग तिने फळी होती तशी पालथी ठेवली.

"शेवंता, मी येईपर्यंत या पिंपाला कोणाला हात लावू देऊ नकोस. तू सुद्धा लावू नकोस."

३

गौरेश बागेत येरझारा घालत होता. मुरगावच्या गोदीत नोकरी करून रिटायर झालेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"कमलाक्षीबाय, माका ह्या भानगडींत घालूं नाका," तो म्हणाला. "सर्टिफिकेट मेळूंक ना जाल्यार लोक माझी कॉलर धरतले."

"साक्षीदार म्हणून सही केलीत ना? काय पाहिलंत?"

"रुद्रेशान सांगलें."

"म्हणजे ऐकलंत."

"आता बाय, कचरेवाली आनी कागद..." त्याने हात पसरले. "आनी किते आसतलें?"

कमलाक्षीला असली माणसं पाठ होती. चोरी करायची धमक नाही आणि चोर म्हणायची मात्र घाई.

रुद्रेश निराळा होता. तो खोटं बोलायचा, पण त्यात त्याला मजा यायची. कचराखोली आधीपासून जिन्याखालीच होती का, असं विचारल्यावर तो मोठ्याने हसला.

"मॅडम, गिरायक फाटकांतल्यान भितर सरलें की ताका पयलीं कचरो दाखोवचो? फ्लॅट विकपाची जागा ती! बांधकाम पुराय जातनाच थंय लाद्यो घाल्यो, एसी लायलो!"

"मग कचरा कुठे ठेवायचा?"

"खंयूय. कचरो तो. ताका किते सी-व्ह्यू जाय?"

आपल्या विनोदावर तो पुन्हा हसला. कमलाक्षी हसली नाही. हेतू याच्याकडे भरपूर होता. जुन्या नकाशात खोली दुसरीकडे असेल, तर फाइल गायब होण्यात याचाही फायदाच होता. पण तिला ते पिंप काही केल्या सुटत नव्हतं.

हर्षाने मोठ्या आपुलकीने तिचा हात धरला.

"तुम्ही अनुभवी आहात, तुमच्यापाशी काय लपवू? खरं सांगते, त्या खोलीत मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. नव्या नकाशाची मापं रुद्रेशने फोनवर दिली. डिझाइन महत्त्वाचं ना शेवटी? ती रंगांची पद्धत माझीच. त्यावर वर्तमानपत्रात माझी मुलाखत आली होती."

"लोक पाळतात ती?"

"शंभर टक्के."

ज्या खोलीत आपण पाऊल ठेवलं नाही तिथली टक्केवारी हिला तोंडपाठ होती. कमलाक्षीने तिघांना एकत्र बोलावलं आणि वहीतली तीन कोरी पानं फाडली.

"एक शेवटची बाब राहिली," ती म्हणाली. "जबाबदार माणसांनी एकेक कागद कचराखोलीत योग्य जागी टाकून दाखवायचा. एकावेळी एकानेच आत यायचं. हर्षा मॅडम, आधी तुम्ही."

४

कमलाक्षी पुढे जाऊन खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली. शेवंताला तिने बाहेर धोंडिबाजवळ उभं केलं. तुळईबद्दल ती मुद्दामच काही बोलली नाही.

हर्षा आली. नाकाला रुमाल, नजर समोर. दारात आली, मान लववून तुळईखालून सफाईने आत शिरली आणि पुन्हा ताठ झाली. पोत्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ कोपऱ्यात गेली, झाकणाच्या भोकातून कागद आत सोडला आणि मागे सरली.

"निळा म्हणजे कागद," ती रुमालाआडून म्हणाली. "शाळेतल्या पोरालाही कळेल."

"खरंच," कमलाक्षी म्हणाली.

गौरेश वाकून आला. त्याने कागद बिनचूक कागदाच्या पोत्यात टाकला आणि वर सांगितलं, "निळ्यांत कागद घालूंक जायना, ती बायल गाळी दिता." रुद्रेशनेही पोत्यातच टाकला. त्याला कमलाक्षीने थांबवलं आणि बाहेरच्यांना दाराशी बोलावलं.

"रुद्रेश, हे पिंप उचल. बाहेर अंगणात ने आणि पालथं कर."

"मॅडम, बाटल्यो त्यो! घाण!"

"तुझ्याच पाहुण्यांची घाण. कर पालथं."

धोंडिबाने हात लावला. दोघांनी पिंप अंगणात नेऊन, झाकण काढून कलतं केलं. आधी हर्षाचा मघाचा कोरा कागद बाहेर पडला, मग वरच्या बाटल्या खळखळत आल्या, मग आणखी बाटल्या. बिअरचा आंबूस वास सगळ्या अंगणात पसरला. शेवटी, तळाच्या बाटल्यांच्या वर, गुंडाळी केलेली एक जाडजूड फाइल सटकन बाहेर आली. प्लास्टिकचं कव्हर, पोलादी क्लिप, सगळं जागच्या जागी.

रुद्रेशने टाळी वाजवली. "पळयलें? सांगलें न्हय? तिणेंच लिपयली!"

शेवंताचा चेहरा पांढरा पडला. धोंडिबाने ट्रंकेकडे पाहिलं.

५

"रुद्रेश, जरा गप्प बस," कमलाक्षी म्हणाली. "तुझं डोकं विक्रीपुरतं बरं आहे."

तिने फाइल दोन बोटांनी उचलली.

"शेवंताला ही विकायची असती तर ती कागदाच्या पोत्यात गेली असती. क्लिप त्या डब्यात पडली असती, कव्हर प्लास्टिकच्या पोत्यात. आठ वर्षांत या बाईने एक पिनसुद्धा कागदाबरोबर जाऊ दिलेली नाही. ती बाटल्यांत कागद टाकेल? झोपेत देखील नाही. गौरेशबाब, तुमचा पेपर ही दर रविवारी बाटलीवरून सोडवून घेते. निळ्या पिंपात कागद चालत नाही, हे तुम्हाला शिव्या खाऊन ठाऊक आहे. आणि रुद्रेश, तू तर पिंप स्वतः आणलंस. तुला फाइल गुरुवारच्या गाडीने पाठवायची असती तर पोत्यात कोंबली असतीस. शनिवारपर्यंत बाटल्यांत भिजत कशाला ठेवशील? काल संध्याकाळी तूच तिच्यावर बाटल्या टाकल्यास, तुला पत्ताही नव्हता."

कमलाक्षी आत गेली, फळी घेऊन आली आणि सगळ्यांसमोर उलटी केली.

"निळ्यात कागद असतो असं मानणारं माणूस या अख्ख्या कूर्मवनात एकच आहे. ज्याने ही पाटी लिहिली ते. बाकीच्यांना कचरा माहीत आहे, तुम्हाला पाटी माहीत आहे, हर्षा मॅडम. काल दुपारी शेवंता वर गेल्यावर तुम्ही मेजावरची फाइल घेऊन इथे आलात. गुरुवारी कागद जातो, हे विचारून ठेवलं होतंत. तुमच्याच पद्धतीप्रमाणे फाइल निळ्यात सोडलीत आणि निर्धास्त झालात. आत डोकावून बघितलं असतंत तर वाचला असतात. पण कचऱ्यात बघायचं म्हणजे तुमच्या जिवावर येतं."

"हा काय पुरावा झाला?" हर्षाचा आवाज चिरका झाला. "मी त्या खोलीत कधी गेलेच नव्हते! आज पहिल्यांदा गेले."

"मग दारात वाकलात कशा? मी तर आपटले." कमलाक्षीने आपलं टेंगूळ दाखवलं. "मी उंच, तुम्हीही उंच. ती बट जरा वर करा."

हर्षाचा हात आपसूक कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला. बट वर करायची गरज राहिली नाही. गौरेशने मान फिरवली.

फाइलीतली ओली पानं कमलाक्षीने एकेक करून सोडवली. तिसरं पान तिने मोठ्याने वाचलं. "कचरा वर्गीकरण व साठवण खोली. तळमजला, फाटकालगत. सव्वीस चौरस मीटर. गाडीसाठी रुंद दार, नळ, सांडपाण्याची मोरी, दोन जनेलं. 'मी स्वतः जागेवर जाऊन पाहिली व मोजली.' खाली सही तुमची. ज्या महिन्यात ही सही केलीत त्या महिन्यात तिथे विक्री-कार्यालयाच्या लाद्या बसत होत्या, एसी लागत होता. तुम्ही आला नाहीत, पाहिलं नाहीत, मोजलं नाहीत. नव्या नकाशात खोली पहिल्यापासून जिन्याखालीच दाखवलीत, हे पान राहिलं तर ते खोटं उघडं पडतं. म्हणून फाइल गेली पाहिजे होती, आणि चोर म्हणून शेवंता आयती हाताशी होती."

हर्षा रडायला लागली. ते रडणंही नीट बेतलेलं वाटलं, आणि कमलाक्षीने तिकडे लक्ष दिलं नाही. रुद्रेश मात्र सुटकेने हसत होता.

"तू हसू नकोस," ती म्हणाली. "हिने फाइल चोरली. खोली तू चोरलीस. गौरेशबाब, तो तक्रारीचा कागद काढा. खाली लिहा, 'मी काही पाहिलं नाही', आणि सही करा. या वेळची सही तरी खरी होऊ दे."

गौरेशने दोनपैकी एक पेन काढलं. सांगितलं तसं लिहिलं. लिहून झाल्यावर तो शेवंताला काही म्हणेल असं कमलाक्षीला वाटलं होतं. तो पेनाचं टोपण लावत बसला. रुद्रेशने तक्रार खिशात कोंबली आणि शेवंताला म्हणाला, "वच, कामाक लाग."

एवढंच. क्षमा मागणं यांच्या माहितीपत्रकात नव्हतं.

कमलाक्षीला इतका संताप आला की टेंगूळ ठणकायला लागलं.

"कामाला ती लागेलच," ती म्हणाली. "कुठे लागायचं ते मी सांगते. सही केलेल्या नकाशाप्रमाणे कचराखोली फाटकाजवळ आहे. रिक्षा येईपर्यंत हे पिंप आणि ही पोती तिथे गेली, तर मी लिहीन की खोली सापडली. नाही गेली, तर लिहीन की खोली नाही, आणि ही फाइल अहवालाला जोडीन. तशीही जोडणारच आहे. पण खोली आहे की नाही, हे तुम्ही ठरवा."

"मॅडम, तीं मेजां, तो एसी!"

"एसी काढ. वास कोंडतो. शेवंता, तुला काय काय हवं?"

शेवंताने आधी धोंडिबाकडे पाहिलं. आठ वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. मग तिने सांगायला सुरुवात केली आणि ती थांबेना. दार मोठं, उंबरा नको, नळ भिंतीशी, मोरी पलीकडच्या अंगाला, पोत्यांना खिळे हाताच्या उंचीवर, जनेल उघडं. कमलाक्षीने वहीत नकाशा काढला. हर्षाच्या जुन्या नकाशापेक्षा तो कितीतरी बरा होता.

"आनी बाई," शेवंता शेवटी म्हणाली, "ती फळी न्हेऊ नगासा. मी त्यावर भाकरी खाते."

कमलाक्षीने फळीचा फोटो काढला आणि ती परत दिली. अहवालात पुढे एक ओळ तिने मुद्दाम घातली: रंगांची पाटी पूर्णपणे वापरात आहे, बसण्यासाठी.

धोंडिबाने वळकटीची दोरी सोडली आणि त्याच दोरीने पोत्यांचा गठ्ठा बांधून तो फाटकाकडे निघाला. रुद्रेशचे दोन गडी मेजं बाहेर काढत होते. शेवंता निळं पिंप गडगडवत दारापर्यंत घेऊन आली. चकचकीत लाद्या दिसल्या तशी ती थबकली, आणि सवयीने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवायला लागली.

"चपला घाल गो," कमलाक्षी म्हणाली. "कचराखोली आहे ही."

शेवंताने चपला घातल्या आणि पिंप आत लोटलं.